जुन्या व्हिडिओ गेमची जॉयस्टिक : छोट्या वर्कशॉपला जमणारे काम

रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर आणि पिक्चर ट्यूबचे टीव्ही यांच्या दुरुस्तीवर आपल्या कितीतरी बांधवांनी संसार उभे केले, मुले शिकवली, बहिणींची लग्ने लावली. ती यंत्रे गेली. मोबाइल दुरुस्तीत आता इतकी गर्दी झाली आहे की एकाच गल्लीत पाच काउंटर आणि पाचही जणांच्या हातात तीच स्क्रीन. अशा वेळी सोल्डरिंग येणाऱ्या, मल्टिमीटर वाचता येणाऱ्या आणि थोडे लेथचे काम समजणाऱ्या माणसाने हात कशात घालावा, हा प्रश्न या पानाकडे वारंवार येतो. आज एका लहानशा कामाची हकिकत सांगतो. हे काम मी स्वतः केले आहे, त्यात एकदा चुकलोही आहे. ती चूकही येथे मांडणार आहे, कारण धंद्याचा खरा हिशेब तिच्यातच आहे.

२०२३ च्या ईदनंतरची गोष्ट. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, पण बऱ्याच वर्षांपासून न्यू जर्सीत स्थायिक असलेले एक गृहस्थ गावी आले होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पिशवीतून एक काळी पेटी काढली आणि तिच्याबरोबर दोन मोडके हँडल. म्हणाले, "भाई, ही पेटी चालते. पण तिचा दांडा मेलेला आहे. नवा करून मिळेल का?"

ती पेटी म्हणजे अटारी ५२००.

चांगले यंत्र, वाईट दांडा

अमेरिकेच्या अटारी कंपनीने हा घरगुती व्हिडिओ गेम १९८२ साली बाजारात आणला. तिचाच आधीचा २६०० नावाचा गेम १९७७ पासून विकला जात होता आणि त्याने कंपनीला मोठे केले होते. ५२०० ची यंत्रणा अटारीच्याच घरगुती संगणकांवरून घेतलेली होती. ६५०२ जातीचा प्रोसेसर, चित्रासाठी दोन खास चिप आणि आवाजासाठी पोकी नावाची तिसरी चिप. त्या काळाच्या मानाने चित्र आणि आवाज दोन्ही उत्तम. तरीही १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. सुमारे दहा लाख यंत्रे विकली गेली असे सांगितले जाते. २६०० च्या तुलनेत हा आकडा फारच किरकोळ होय.

अपयशाची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. जुन्या २६०० ची कार्ट्रिजे यात थेट चालत नव्हती. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा सारा बाजारच कोसळला. पण ज्यांनी हे यंत्र वापरले ते सर्वांत आधी नाव घेतात ते दांड्याचे, म्हणजे जॉयस्टिकचे.

२६०० ची जॉयस्टिक साधी होती. आत चार संपर्क : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दांडा कलला की संपर्क जुळतो, सोडला की सुटतो. दिव्याच्या बटणासारखेच. ५२०० मध्ये कंपनीने मोठी उडी घेतली आणि अॅनालॉग जॉयस्टिक दिली. म्हणजे दांडा थोडा कलवला तर विमान हळू वळेल, जास्त कलवला तर झपाट्याने. त्यासाठी आत दोन पॉट बसवले, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या हालचालीचा. पॉट म्हणजे आपण रेडिओत ज्याला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतो तोच. कल्पना उत्तमच होती. आज प्रत्येक गेमच्या हँडलवर अंगठ्याने फिरवायचा जो दांडा असतो तो याच जातीचा.

मग बिघडले कुठे? पहिली गोष्ट, दांडा मध्यावर परत येण्यासाठी आत स्प्रिंग नव्हती. दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणावरच ते काम सोडले होते आणि रबर ते धड करीत नसे. बोट काढले तरी दांडा तिरकाच राही. पॅक-मॅनसारख्या चार दिशांच्या खेळात याचा अर्थ हमखास हार. दुसरी गोष्ट बटणांची. बटणांखाली लवचीक प्लास्टिकवर छापलेली पट्टी होती आणि तिच्यावर कार्बनचे ठिपके टेकत. काही महिन्यांत त्या पट्टीवर थर चढे आणि बटण ऐकेनासे होई. त्यात भर अशी की खेळ सुरू करण्याचे बटण पेटीवर नव्हतेच. स्टार्ट, पॉज आणि रिसेट ही तिन्ही बटणे हँडलवरच. हँडल मेले की पेटी मेली.

चाचांच्या पेटीचे नेमके हेच झाले होते. पेटीला चाळीस वर्षांत काही झाले नव्हते.

यंत्र दांड्याला काय विचारते

कोणतीही वस्तू करण्यापूर्वी ती ज्याला जोडायची त्याची भाषा समजून घ्यावी लागते. येथे अनेक कारागीर फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पॉटला तीन पाय असतात. त्याचा वापर दोन तऱ्हांनी होतो. तिन्ही पाय वापरले तर दोन टोकांना व्होल्टेज देऊन मधल्या पायावर त्यातला हिस्सा घेता येतो. या पद्धतीत पॉट दहा हजार ओहमचा आहे की लाखाचा, याला फारसे महत्त्व नाही, कारण मोजायचे असते ते प्रमाण. आजचे बहुतेक हँडल याच रीतीने चालतात. दुसऱ्या तऱ्हेत दोनच पाय वापरतात आणि पॉट निव्वळ बदलता रेझिस्टन्स होतो. अटारी ५२०० ची रीत ही दुसरी.

पोकी चिपला पॉटसाठी आठ वाटा आहेत. पहिल्या ५२०० ला चार हँडल लागत आणि प्रत्येकात दोन पॉट, म्हणजे आठ वाटांचा हिशेब बरोबर बसतो. प्रत्येक वाटेवर एक छोटा कपॅसिटर. चिप तो आधी रिकामा करते आणि मग पॉटमधून येणाऱ्या करंटने तो किती वेळात भरतो ते मोजते. मोजण्याचे घड्याळ कोणते? टीव्हीच्या चित्रातील ओळी. एक ओळ गेली की आकडा एकाने वाढतो, जास्तीत जास्त २२८ पर्यंत. पॉटचा रेझिस्टन्स कमी तर कपॅसिटर लवकर भरतो आणि आकडा लहान येतो. रेझिस्टन्स जास्त तर वेळ जास्त आणि आकडा मोठा. दांडा मध्यावर असेल तर आकडाही साधारण मध्यावर, ११४ च्या आसपास असावा. हे सारे एका सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आत उरकते.

ही चिप ज्यांनी आखली त्या डग न्यूबाउर यांनीच अटारीच्या संगणकासाठी स्टार रेडर्स हा गाजलेला खेळ लिहिला. पुढे तो ५२०० वरही आला. चिप करणारा आणि खेळ करणारा एकच माणूस, असे आता सहसा घडत नाही.

तर मूळ हँडलमधला पॉट ५०० किलोओहमचा. बाजारात ५०० के मागितला की लगेच मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, कुठेही. मग अडचण कसली? मलाही तसेच वाटले होते.

साठ अंशांचा पेच

साधा पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३०० अंश फिरतो. जॉयस्टिकचा दांडा मात्र डावीकडून उजवीकडे जेमतेम ६० अंश हलतो. म्हणजे पॉटचा पाचवा हिस्साच वापरात येतो. ५०० के चा पाचवा हिस्सा १०० के. आपण ५०० के चा पॉट घातला तरी यंत्राला फरक दिसणार तो १०० के चाच. पडद्यावरचे विमान मधल्या पट्ट्यात घुटमळत राहील, कडेला कधीच जाणार नाही. मूळ कंपनीने दांड्याच्या हालचालीला जुळणारे खास पॉट बनवून घेतले होते. आपल्याला तसे कोण करून देणार?

दोन मार्ग उरतात. एक, दांडा आणि पॉट यांच्यामध्ये गिअर घालून साठ अंशांचे २७० करायचे. दुसरा, मोठ्या किमतीचा पॉट घ्यायचा. २ मेगोहमच्या पॉटचा पाचवा हिस्सा ४०० के होतो. ५० के पासून ४५० के पर्यंत खेळ बसवला तर मध्य २५० के ला येतो. यंत्राला एवढे पुरते.

मी दुसरा मार्ग धरला, कारण त्यात लेथचे काम कमी होते. आता कळते की तो आळसाचा मार्ग होता.

दांड्याची यंत्रणा अशी. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन कमानी, प्रत्येकीला लांब खाच. दोन्ही खाचांतून दांडा वर येतो. दांडा डावी-उजवीकडे गेला की एक कमान कलते, पुढे-मागे गेला की दुसरी. प्रत्येक कमानीच्या टोकाला पॉटचा दांडा. भिवंडीत यंत्रमागाच्या सुट्या भागांत आयुष्य गेलेले एक टर्नर आहेत, आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. त्यांनी नायलॉनच्या कमानी आणि पितळी बुश करून दिले. खाच दांड्यापेक्षा किती मोठी ठेवायची यावर त्यांच्याशी एक अख्खी दुपार वाद झाला. मी म्हणत होतो घट्ट ठेवा, ते म्हणत होते नायलॉन गरमीत फुगतो. त्यांचेच खरे निघाले.

मध्यावर परत येण्यासाठी दांड्याभोवती एक दाबाची स्प्रिंग आणि तिच्याखाली सपाट चकती. दांडा कलला की चकती एका कडेवर उचलते, सोडला की स्प्रिंग तिला पुन्हा सपाट बसवते. स्प्रिंग कडक झाली तर मुलांचा हात दुखतो, मऊ झाली तर दांडा मध्याच्या अलीकडेच थबकतो. तीन स्प्रिंगा वाया गेल्या, चौथी बसली. पॉटची बॉडी ज्या पट्टीवर बसते त्या पट्टीला गोल भोकाऐवजी वक्र खाच ठेवावी. त्यामुळे सारे बसवून झाल्यावर बॉडी थोडी फिरवून मध्य अचूक जुळवता येतो.

पॉट घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्यावर बी लिहिले आहे की ए? जपानी पद्धतीच्या खुणेत बी म्हणजे सरळ चालीचा, ए म्हणजे आवाजासाठीचा वाकड्या चालीचा. दुकानदार सवयीने आवाजाचा देतो. तो बसवला तर दांडा मध्यावर असताना यंत्राला तो एका कडेजवळ दिसेल. आणि स्वस्त पॉटची किंमत वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. २ मेगोहम लिहिलेला १.६ चा निघेल किंवा २.४ चा. दहा घ्यावेत, मोजावेत आणि जवळचे दोन जोडीने वापरावेत. समांतर रेझिस्टन्स लावून किंमत खाली आणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याने सरळ चाल वाकडी होते.

एक छोटी युक्ती. दोनच पाय लागतात म्हणून तिसरा मोकळा सोडू नये, तो मधल्या पायाला जोडून टाकावा. मग आतला घासणारा पत्रा क्षणभर उचलला गेला तरी वायर तुटल्यासारखे होत नाही, रेझिस्टन्स टोकाच्या किमतीवर थांबतो.

पंधरा पिना, सोळा छेद

५२०० चा प्लग पंधरा पिनांचा, दोन ओळींचा, आठ आणि सात. संगणकाच्या मॉनिटरचा प्लगही पंधरा पिनांचा असतो, पण तो तीन ओळींचा. दुकानात फक्त "पंधरा पिन" म्हटले की तोच हातात पडतो. माझ्या हातात दोनदा पडला. जुन्या संगणकाच्या जॉयस्टिकचा प्लग दोन ओळींचाच असे, तो चालतो. वायरींची रचना मात्र वेगळी आहे, तेव्हा जुन्या जॉयस्टिकची केबल जशीच्या तशी लावू नये.

पिन १ ते ८ बटणपट्टीसाठी. ९ दोन्ही पॉटची सामाईक, १० आणि ११ त्या दोन पॉटच्या. १२ वर पाच व्होल्ट, १३ आणि १४ बाजूच्या बटणांसाठी, १५ ग्राउंड. ९ आणि १२ एकत्र जोडण्याचा शॉर्टकट करू नये. पॉटचा पुरवठा यंत्र स्वतः चालू-बंद करते. विमान उलट दिशेने जात असेल तर घाबरण्याचे कारण नाही, त्या पॉटच्या टोकाचा पाय बदलला की झाले.

हँडलवर टेलिफोनसारखी बारा बटणे, शिवाय स्टार्ट, पॉज, रिसेट. एकूण पंधरा. त्यांना पंधरा वायरी लागत नाहीत. चार उभ्या आणि चार आडव्या वायरींच्या छेदांवर बटणे बसवली आहेत. सोळा छेदांपैकी पंधरा वापरात, एक मोकळा. ज्याने टेलिफोनची कळपट्टी उघडून पाहिली आहे त्याला हे नवे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विको कंपनीने ५२०० साठी जॉयस्टिक काढली तेव्हा तिने बटणपट्टीच्या भानगडीत न पडता दुतोंडी केबल दिली होती : एका तोंडाला नवा दांडा, दुसऱ्याला जुने हँडल, केवळ बटणांसाठी. चाचांची जुनी पट्टी पूर्ण गेली होती, म्हणून मला सारी बटणे नवी बसवावी लागली. छापील पट्टीऐवजी टिकटिक वाजणारे छोटे स्विच वापरले. त्यांना थर चढत नाही.

तपासणीचे काम वेगळेच निघाले. हे यंत्र अमेरिकी टीव्ही पद्धतीसाठीच निघाले, आपल्याकडच्या पद्धतीसाठी कधी निघालेच नाही. त्याचा अडॅप्टरही तिकडच्या ११० व्होल्टचा. चोरबाजारातून एक जुना मल्टिसिस्टीम टीव्ही आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. पहिला दांडा जोडून स्टार रेडर्स सुरू झाला तेव्हा चाचा खुर्चीतून पुढे सरकले. त्यांचा नातू म्हणाला, "दादा, मला पण द्या." चाचांनी दिला नाही. पाऊण तास स्वतःच खेळत बसले.

मशिदीच्या दारात एका बुजुर्गांनी विचारले, "बेटा, खेळण्याच्या दांड्यात कसली कमाई?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितले की यात जुगार नाही, पैजा नाहीत, कोणाची नमाज चुकवण्याचा ठेका मी घेतलेला नाही. एका म्हाताऱ्या माणसाची मोडलेली वस्तू मी नीट करून देतो. ते हसले आणि पुढे गेले. पटले की नाही, देव जाणे.

तिसरा नग

चाचा परत गेले आणि त्यांच्या ओळखीच्या तिघांनी तसाच दांडा मागितला. अलहम्दुलिल्लाह, काम सुरू झाले. दोन नग गेले. तिसरा तपासताना असे झाले.

पॉट तपासायला मी काट्याचा जुना मल्टिमीटर वापरतो. आकड्यांचा मीटर थांबून थांबून बोलतो, काटा मात्र क्षणाचीही चलबिचल दाखवतो. दांडा सावकाश फिरवायचा आणि काटा पाण्यासारखा सरकतो का ते पाहायचे. तिसऱ्या नगात आडव्या पॉटचा काटा मध्याजवळ किंचित थरथरला. मी क्लीनर मारला, दांडा शंभर वेळा फिरवला. थरथर कमी झाली, गेली नाही. रात्रीचे अकरा वाजले होते, पार्सल दुसऱ्या दिवशी द्यायचे कबूल केले होते. मनाने कौल दिला, "एवढे चालून जाते." पेटी बंद केली. सोबतच्या चिठ्ठीत त्या थरथरीविषयी एक शब्द लिहिला नाही.

पाच आठवड्यांनी निरोप आला. दांडा सोडून दिला तरी विमान आपोआप उजवीकडे सरकते.

का, ते मला माहीत होते. २ मेगोहमचा पॉट वापरला की पट्टीचा पाचवाच हिस्सा घासला जातो, आणि त्यातही मध्यावर दांडा सर्वांत जास्त वेळ असतो. पट्टीवर एक अंश सरकले की जवळपास सात किलोओहम बदलतात. यंत्राच्या हिशेबात सव्वादोन किलोओहमला एक आकडा, म्हणजे एका अंशाला तीन आकडे. जो कण मूळच्या पॉटमध्ये जाणवलाही नसता तो येथे विमान ढकलतो. दोष माझ्या निवडीत होता आणि तो माझ्या काट्याने मला दाखवलाही होता.

बाजारातील धान्याच्या ढिगात हुजूर सल्ल. यांनी हात घातला आणि आत बोटांना ओल लागली, ती हदीस आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच त्या व्यापाऱ्याला विचारले गेले होते. त्याचे धान्य पावसाने भिजले होते. माझ्या नगावर पाऊसही पडला नव्हता.

पैसे परत केले. ज्यांना आधीचे नग दिले होते त्या सर्वांना कळवले की यात असा दोष उद्भवू शकतो, उद्भवल्यास फुकट बदलून देईन. एकाने परत पाठवला. चाचांनी निरोप पाठवला, "माझा चांगला आहे, पण नवा केलास तर पहिला मला."

मग जे आधी करायला हवे होते ते केले. उस्तादांकडे पुन्हा गेलो. त्यांनी काही विचारले नाही, फक्त कपाटातून गिअरचा एक जुना कटर काढला. कमानीच्या टोकाला पितळी अर्धचंद्र गिअर, पॉटच्या दांड्यावर छोटा गिअर, गुणोत्तर साडेचारचे. दांड्याचे साठ अंश पॉटला २७० होतात आणि साधा ५०० के चा पॉट ४५० के पर्यंतचा पल्ला देतो. आता एका अंशाची चूक पावणेदोन किलोओहमची, म्हणजे एका आकड्याहूनही कमी. गिअरमध्ये दातांची मोकळीक असते, त्यामुळे दांडा परतताना किंचित उशीर जाणवत होता. पॉटच्या दांड्यावर एक बारीक पिळाची स्प्रिंग घातली. ती दातांना सतत एकाच बाजूला टेकवून ठेवते. मोकळीक असते, पण जाणवत नाही.

घासणेच नको असेल तर हॉल सेन्सरचा मार्ग आहे. लोहचुंबक आणि त्याच्यासमोर सेन्सर, मध्ये हवा. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या हँडलमध्ये तोच वापरला होता. निन्टेन्डो ६४ ने १९९६ मध्ये प्रकाशाने मोजणारी चाके वापरली, पण दांड्याच्या बुडाचे प्लास्टिक घासून त्याची पूड होई आणि दांडा सैल पडे. म्हणजे मोजणी न घासणारी असली तरी यांत्रिक भाग घासतोच. ५२०० साठी हॉल सेन्सरची अडचण वेगळी आहे. तो व्होल्टेज देतो आणि या यंत्राला हवा असतो रेझिस्टन्समधून येणारा करंट. मध्ये ट्रान्झिस्टर आणि ऑपअँपचे छोटे सर्किट लागते. आजच्या हँडलमधले अंगठ्याचे तयार दांडे वापरले तरी हीच गोष्ट, कारण त्यांचे पॉट दहा किलोओहमचे असतात. ज्या तरुणांना इलेक्ट्रॉनिक्स चांगले येते त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. मी अजून पॉटवरच आहे.

हिशेब

पहिल्या नगाला मिळून बेचाळीस तास गेले. गिअरच्या पाचव्या नगाला नऊ. सुटे साहित्य हजार रुपयांच्या आत येते, उस्तादांची मजुरी वेगळी आणि ती मी नग हातात येताच देतो. किंमत ठरवताना साहित्याच्या दुप्पट-तिप्पट करण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ती लावली तर बुडाल. तास मोजा, तासाचा दर ठरवा, तपासणीचे तासही त्यात धरा. मी सुरुवातीला तपासणी धरलीच नव्हती, म्हणूनच रात्री अकराला ती कापावीशी वाटली.

गिऱ्हाईक थोडे आहे, पण पक्के आहे. जी यंत्रे बनणे बंद होऊन चाळीस वर्षे झाली त्यांचे सुटे भाग कोणी मोठा कारखाना काढणार नाही. एका वर्कशॉपला वर्षभर पुरेल एवढे काम यातून एकट्याने निघेल असे मी म्हणणार नाही. पण आजच्या गेम हँडलचे सरकणारे दांडे बदलण्याचे काम मोठ्या शहरांत रोज येते, आणि ज्याने हे केले त्याला ते डोळे मिटून येईल. दोन्ही मिळून काउंटर चालतो.

वस्तूवर किंवा डब्यावर अटारीचे नाव आणि खूण छापू नये. ते नाव आजही एका चालत्या कंपनीचे आहे. "अटारी ५२०० ला चालणारी" असे लिहावे, "अटारीची" असे लिहू नये. एका शब्दाचा फरक आहे, पण एकीकडे हक्काची कमाई आहे आणि दुसरीकडे दुसऱ्याचा माल.

परदेशी पाठवायचे तर व्यापारी निर्यातीसाठी आयईसी क्रमांक काढून घ्यावा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली कस्टमची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानेही तिकडचे बुकिंग थांबवले होते, ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. माझा एक नग त्यात दीड महिना कपाटात पडून राहिला. आता भाव सांगतानाच मी गिऱ्हाईकाला सांगतो की तिकडची ड्युटी त्यांची, आणि वाटेत मोडतोड झाली तर ती माझी.

प्रत्येक नगासोबत आता एक चिठ्ठी जाते. तिच्यावर दोन्ही पॉटचे आकडे असतात : एक टोक, मध्य, दुसरे टोक. खाली एक ओळ मोकळी ठेवलेली असते, तपासताना काही वावगे दिसले तर लिहिण्यासाठी. चाचांच्या नव्या दांड्याच्या चिठ्ठीत त्या ओळीवर लिहिले आहे : स्टार्टचे बटण इतरांपेक्षा थोडे कडक. त्यांनी उलट निरोप पाठवला की कडकच बरे, नातू दाबू शकत नाही.